फुली मारलेले चार खोके

समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. व्यासपीठाची शोभा वाढवणारे प्रमुख पाहुणे, निवृत्त न्यायाधीश साहेब. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या सिस्टर. वाचनालय मित्र मंडळातले माझे सोबती. आणि चहा कधी येतोय म्हणून मघापासून दाराकडे बघत बसलेले मागच्या रांगेतले रसिकहो,

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी दोनदा बजावलंय, "मास्तर, पाच म्हणजे पाच." ताई, मी शिंपी माणूस. चाळीस वर्षं कपडे शिवले, पण शिवणीत थोडी माया, म्हणजे जादा कापड, ठेवल्याशिवाय कधी कापड कापलं नाही. भाषणातही थोडी माया राहील, ती पदरात घ्या.

सिस्टरांविषयी मी नवीन काय सांगणार? इस्पितळातून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात या वाचनालयात आल्या. तेव्हा मित्र मंडळ म्हणजे तीन माणसं आणि एक कुलूपबंद कपाट. कपाटाची किल्ली त्या तिघांपैकी कुणाकडे आहे, यावर त्यांची दर महिन्याला सभा व्हायची. आज आपण एकशे ऐंशी जण आहोत. कसे झालो? सिस्टरांच्या पिशवीत सभासदत्वाचे अर्ज कायम असतात. बसथांब्यावर, किराण्याच्या रांगेत, कुठेही. एकदा तर त्यांनी दाताच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला सभासद केलं. बिचाऱ्याच्या तोंडात कापूस होता. नाही म्हणायची सोयच नव्हती! ते गृहस्थ आज चौथ्या रांगेत बसलेत. हसतायत, म्हणजे तक्रार नसावी.

मी मंडळात आलो तो मात्र सूनबाईंच्या कृपेने. दुकान मुलाच्या हवाली केलं आणि घरी बसलो. बसलो म्हणजे काय, पडद्यांची मापं काढ, उशांचे अभ्रे उसव, पुन्हा शिव. महिन्याभरात सूनबाईंनी मला इथे आणून उभं केलं आणि सिस्टरांना म्हणाल्या, "यांना काहीतरी काम द्या हो. घरात आता उसवायला काही उरलेलं नाही."

काम मिळालं. तळमजल्यावर, जिन्याखालची ती खोली, जिथे लोकांनी दिलेली जुनी पुस्तकं आपण निवडतो, पुसतो आणि वार्षिक विक्रीसाठी खोक्यांत भरतो. एकच खिडकी, एक लांब टेबल, दोन डुगडुगत्या खुर्च्या. मंडळी, खरं सांगू? दुकान सुटल्यावर मला वाटलं होतं, आपलं आता संपलं. त्या खोलीत मला पुन्हा सकाळी दाढी करून वेळेवर पोहोचण्याचं कारण मिळालं.

आता जे सांगणार आहे, ते इथे फक्त एका व्यक्तीला ठाऊक आहे. सिस्टर, अशी मान हलवू नका. मी सांगणारच.

सात वर्षांपूर्वीची वार्षिक विक्री आठवते? शनिवारी विक्री, आणि त्याच आठवड्यात वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधणीला जायची होती. दोन्हींचे खोके जिन्याखाली एकत्र आले होते. सिस्टरांनी मला काम सांगितलं, "मास्तर, विक्रीच्या खोक्यांवर फुली मारा, बांधणीच्या खोक्यांवर गोल." मी खिशातून माझा खडू काढला आणि मान डोलावली.

पण आमच्या धंद्यात फुली कशावर मारतात? जिथे उसवलंय, जिथे शिवायचं राहिलंय, तिथे. चाळीस वर्षांची सवय आहे हो हाताला. फाटकं पुस्तक दिसलं की हात आपोआप फुली मारतो. मी बांधणीच्या चार खोक्यांवर चार ठसठशीत फुल्या मारल्या, विक्रीच्या खोक्यांवर सुबक गोल काढले आणि घरी जाऊन पोटभर जेवलो.

शनिवारी फुलीचे खोके टेबलावर रिकामे झाले. वाचनालयातून बाद झालेली पुस्तकंही आपण विकतो, त्यामुळे शिक्का बघून कुणाला शंका आली नाही. दुपारपर्यंत वाचनालयाची त्रेसष्ट पुस्तकं लोकांच्या घरी पोहोचली. सोमवारी बांधणीवाल्यांचा फोन आला, "अहो बाई, या खोक्यांतली पुस्तकं तर धडधाकट आहेत. मी यांचं काय करू?"

अध्यक्षबाई, तुमचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. नऊ दिवसांवर वरच्या कार्यालयाची तपासणी होती. पुस्तकांची जबाबदारी तुमच्यावर, उत्तर तुम्हाला द्यावं लागणार. तुम्ही खाली आलात आणि म्हणालात, "ज्या कुणी या खुणा केल्या, तो माणूस मला या खोलीत पुन्हा दिसता कामा नये."

मी टेबलाच्या या बाजूला उभा होतो. हातात खडू होता.  तोंड उघडणार, एवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "खुणांचं काम माझ्याकडे होतं. चूक माझी. पुस्तकं मी परत आणते."

आणि मी? मी खडू खिशात टाकला.

तुम्ही तरी सिस्टरांना काय बोलणार? खोलीतून काढणार तरी कशा? "नऊ दिवस आहेत," एवढंच म्हणून तुम्ही वर गेलात. मी सिस्टरांना जिन्यात गाठलं. "अहो, तुम्ही असं का सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "वॉर्डात नव्या मुलीच्या हातून काही चुकलं, तर आधी पेशंटकडे बघायचं असतं, मुलीकडे नंतर. आधी पुस्तकं आणू. तुम्हाला जेव्हा बोलावंसं वाटेल तेव्हा बोला. पिशवी मजबूत आहे ना तुमच्याकडे?"

पिशवी मी स्वतः शिवली. दुहेरी तळाची.

नशीब एवढंच, की त्या विक्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाला महिनाभर वाचनालय मोफत, अशी योजना सिस्टरांनी काढली होती. त्यासाठी लोकांनी नावं आणि पत्ते लिहून दिले होते. ती यादी घेऊन आम्ही दारोदार निघालो.

काय काय माणसं भेटली! एका केस कापणाऱ्या बाईंनी जाडजूड कादंबरी नेली होती. त्या म्हणाल्या, "देते की, पण शेवटची बारा पानं राहिलीत. आणि माझं दुकान चालू आहे." सिस्टर म्हणाल्या, "मग मी वाचते, तुम्ही कापा." खुर्चीत एक गिऱ्हाईक, हातात कात्री, आणि सिस्टर बाकावर बसून मोठ्यांदा वाचतायत. शेवटच्या पानाला बाईंची कात्री थांबली, त्या डोळे पुसायला लागल्या, आणि गिऱ्हाइकाचं एका बाजूचं कापायचं राहिलं ते राहिलंच. तिघींनीही त्याच दुपारी अर्ज भरला, म्हणजे बाईंनी, त्यांच्या मदतनीस मुलीने आणि अर्धे केस कापलेल्या त्या गिऱ्हाईकबाईंनी.

आणि मग आम्ही एका बंगलीची घंटा वाजवली. प्रमुख पाहुणे, आता तुमच्यावर आलो.

साहेबांनी पक्ष्यांवरचा सचित्र ग्रंथ घेतला होता. दारातच म्हणाले, "मी किंमत दिली, वस्तू घेतली. व्यवहार पूर्ण झाला. कोणत्या कायद्याने परत मागता?"

सिस्टर म्हणाल्या, "कायदा नाही, साहेब. विनंती आहे."

"चूक कुणाची?"

"माझी."

मी शेजारी उभा. साहेबांच्या कोटाचं दुसरं बटण सैल होतं, मी त्याच्याकडे बघत राहिलो. वर बघायची हिंमत झाली नाही. साहेबांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाले, "तीस वर्षं न्यायासनावर बसलो. इतका सरळ कबुलीजबाब फार थोड्या वेळा ऐकला." आत गेले आणि ग्रंथ घेऊन आले. पुढच्याच महिन्यात मंडळाचे आजीव सभासदही झाले.

साहेब, अत्यंत नम्रपणे निवेदन करतो, की तो कबुलीजबाब साफ खोटा होता. खरा आरोपी बटणाकडे बघत होता.

हसा, हसा. साहेबही हसतायत, म्हणजे मला थोडा धीर आला.

आठव्या दिवशी त्रेसष्टपैकी बासष्ट पुस्तकं परत आली. एक आजतागायत मिळालेलं नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या एका पुस्तकाबद्दल शेरा मारला, बाकी निभावलं. पण त्या आठ दिवसांत चौतीस नवे सभासद झाले. का झाले? मी त्यातल्या एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "वाचनालयातून कुणी माझ्या दारात आलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं." तेव्हापासून आपण दरवर्षी घरोघर जातो. अहवालात त्याला सिस्टरांची दूरदृष्टी म्हणतात. ती आहेच. तिची सुरुवात माझ्या आंधळेपणाने झाली, एवढीच दुरुस्ती.

सात वर्षं मी गप्प राहिलो. पहिल्या वर्षी वाटलं, खोली जाईल. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता काय उकरून काढायचं? आमच्या हिला सुद्धा मी सांगितलं नाही. ती दुसऱ्या रांगेत बसलीय. तिच्याशी मी घरी गेल्यावर बोलेन, किंवा ती माझ्याशी बोलेल. या सात वर्षांत सिस्टर रोज समोर बसून पुस्तकं पुसत होत्या. एकदाही आठवण करून दिली नाही. शब्दाने नाही, नजरेने नाही. कुणाचं ओझं उचलायचं आणि ते उचलल्याचं त्याला जाणवूही द्यायचं नाही, हे मला शिवणकामाइतकं सोपं कधीच वाटलं नाही.

उद्या सिस्टर बहिणीकडे राहायला जातायत. दोघी बहिणी एका छताखाली राहणार, म्हणजे त्या गावच्या वाचनालयाने अर्ज जास्तीचे छापून ठेवावेत. सिस्टर, तुम्ही निघण्याआधी तुमच्या नावावरची ही चूक मी उतरवून घेतोय. ती माझी होती. सगळ्यांसमोर सांगतो, माझी होती.

अध्यक्षबाई, त्या खोलीविषयीचा तुमचा हुकूम अजून लागू असेल, तर मी तो मान्य करतो. उद्यापासून वरच्या दालनात बसून वाचेन. सभासद आहे मी, वर्गणी भरलेली आहे.

तुम्ही मान हलवताय, बाई. ती 'खोली सोडू नका' अशी आहे की 'खोलीत येऊ नका' अशी, ते चहाच्या वेळी सांगा.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंची पाच मिनिटं केव्हाच संपली, त्यांचेही. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा करा, असं इथे प्रत्येक वक्ता म्हणतो. मला तसं मोघम म्हणता येणार नाही. माझ्याकडून चूक झाली, मग ती लपवली, आणि दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. सिस्टर, मला माफ करा.