नव्या भाताचा द्रोण

राहू द्या, ती खुर्ची हलवू नका, इमानुएलभाऊ. पाळकसाहेबांची खुर्ची तिथंच असू द्या. मी उभ्यानंच बोलतो. आणि दाराबाहेर कोण? मामा, आत ये. तूही त्यांचाच.

मंडळींनो, परवा आपण पाळकसाहेबांना माती दिली. मला बोलायला सांगितलंय. शाळेत रोज मुलांपुढं बोलतो, म्हणून.

तुम्हाला माहीत आहे, माझी आई ख्रिस्ती झाली, मामा जुन्या देवांकडेच राहिला. नव्याच्या सणाला तो नवा भात पूर्वजांपुढे ठेवतो, मग घर जेवतं. दरवर्षी बहिणीसाठी एक द्रोण आणायचा. आई तो हातात घ्यायची, खायची नाही. मूर्तीपुढचं अन्न खाऊ नये, असं चर्चच्या मंडळीत शिकवलं होतं. मामा गेला की द्रोण गाईपुढे. मग आई चुलीपाशी नुसती बसून राहायची.

पाळकसाहेब नागभीडहून इथं आले. आईनं विचारलं, "भावाच्या घरचा भात पाप हाय काय?"

 त्यांनी घरी जाऊन बायबल वाचलं. आठवड्यानं आले. म्हणाले, "बाई, पौलानं करिंथच्या बाजारातल्या, मूर्तीपुढच्या मांसाबद्दल लिहिलं. इथल्या भाताबद्दल त्याले कोणी विचारलंच नाई. चला, जेवून पाहू."

ते मामाच्या अंगणात मांडी घालून बसले. मामा घाबरला. "साहेब, तुमचा देव रागवंन."

"त्याचं मी पाहून घेतो. तू वाढ."

आई त्या दिवशी माहेरी जेवली. किती वर्षांनी!

इमानुएलभाऊ, तुम्ही चिडला होतात. म्हणालात, "आज भात खाल्ला, उद्या देवापुढं कोंबडं कापान!"

ते हसले. "कापलं तर मले बलावजा." मग हळूच म्हणाले, "भाऊ, माझंच बरोबर हाय असं मी म्हणत नाई. चुकलो असंन तर वरती सांगीन, भावाबहिणीसाठी खाल्लं."

तेव्हापासून दर सणाला ते आईसोबत जात.

उद्या सण आहे. मंडळीच्या पंचांनी ठरवलंय, नवे पाळक येईपर्यंत जुना नियम. आई सकाळपासून मला विचारते आहे, "जाऊ का नाई? आता कोणाले विचारू?"

कोणाला विचारावं? पौलाचं ते वचन मलाही वाचता येतं. पण वाचून झाल्यावर चपला घालून सोबत कोण निघणार? मला पाळकसाहेब हवे आहेत. आज, आत्ता, त्या दारातून. "बाई, झालं का? निघायचं?" एवढंच त्यांनी म्हणावं.

आता कोणी काही बोलू नये. उभे राहू या. त्यांची वाट पाहावी तसे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मामाकडे निघाली. इमानुएलभाऊ गावाच्या वेशीपर्यंत तिच्यासोबत चालले. पुढे गेले नाहीत. ती जेवून परत येईपर्यंत ते मोहाच्या झाडाखाली बसून होते.