न सुरू होणाऱ्या गाडीचं गिऱ्हाईक

ती माझी मोटरसायकल आठवते ना? स्वस्त म्हणून घेतली आणि विकायला काढली तर माणिकपुरात कुणी फुकटही घेईना. शेवटी सांडोरहून एक काका आले. मी किक मारली, गाडी ढिम्म. काका खूश! पार्ट मिळत नाहीत म्हटलं, तर आणखी खूश. भावही पाडेनात. मला संशय आला. चोरीसाठी म्हणावं, तर चोरालाही सुरू होणारी गाडी लागते.

"काका, खरं सांगा, हिचं करणार काय?"

"पोरगा हट्टाला पेटलाय, गाडी द्यावीच लागेल. पण लांब भटकायला नको."

माझं डोकंच फिरलं. "ओ, एकदा सुरू झाली ना, विरारपर्यंत जाते!"

काकांचा चेहरा पडला. "विरारपर्यंत? मग नको."