टीव्हीतला काळा दोरा

दांडिया बाजारात कीर्तिभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात पाळीची वाट पाहणाऱ्या गुणवंतरावांनी कान मुद्दाम टवकारले नव्हते. शेजारच्या बाकावरचे आप्पा आणि त्यांची सून शर्वरी बोलतच मोठ्यानं होते.

"आप्पा, हरणीला राहणाऱ्या आत्यांना तुम्ही परत सांगितलंत, निहार बँकेत आहे म्हणून?"

"मग काय सांगू? संस्थानच्या सरसुभ्यांचा पणतू, माझा मुलगा, वाघोडियाच्या कारखान्यात स्वेटरचा दोरा जाळतो?"

"जाळत नाहीत हो. ताणून धरून भट्टीत भाजतात. पांढऱ्याचा काळा कार्बन झाला की आम्लातून काढतात."

"ते कशाला आणखी?"

"नुसता भाजलेला गुळगुळीत असतो, चिकटवायची राळ त्याला धरत नाही. आम्लानं खरखरीत झाला की घट्ट धरते. मग पोलादापेक्षा मजबूत! विमानाचे भाग करतात त्याचे."

"दोऱ्याचं विमान. बरं."

"काका, आ जुओ," कीर्तिभाईंनी चिमटा वर धरला. "तुमच्या टीव्हीमधून हा काळा दोरा निघाला. ह्याच्यातून करंट जातो, बोलो! त्यानंच शॉर्ट झाला."

"अगंबाई! निहार कामावरून आला की दोरे चिकटलेला शर्ट टीव्हीवरच टाकतो."

"थांब. एवढ्याशा दोऱ्यानं एवढा टीव्ही बंद पाडला?"

"हा ने, काका. शर्ट लांब ठेवायला सांगा, नाहीतर परत बंद पडेल."

"पडू दे! कीर्तिभाई, जरा फोन द्या. हरणीच्या बहिणीला निहारचं खरं काम सांगायचंय."

नंबर लागेना, तेव्हा आप्पा गुणवंतरावांकडे वळले.

"तुमचं काय बिघडलंय?"

"मिक्सर."

"कशानं?"

"पाणी गेलं आत."

"पाणी," आप्पा सहानुभूतीनं म्हणाले. "असू दे. होतं असं."