गाडी डावीकडे ओढते

—नाही ताई, डिकी रिकामी करावीच लागेल. अलाइनमेंट बघताना गाडीत जड काही नको, मागून गाडी दबते आणि पडद्यावर भलतेच आकडे येतात. तुम्ही नका उचलू, मी काढते, तुम्ही त्या खुर्चीवर बसा. तुमची तक्रार खरीच होती — हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडे ओढते. टायर बघा, आतल्या कडेने कसं खाल्लंय, हात फिरवला तर तारा बोचतात. चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा जो दांडा असतो ना, त्याचं टोक पार खिळखिळं झालं होतं. ते नवीन घातलं मी. आता चाकांना हे सेन्सर लावायचे, पडद्यावर दिसतं कुठलं चाक किती वाकडं बघतंय. लाल दिसलं की खालून दांडा जरासा फिरवायचा, हिरवं होईपर्यंत. झालं. — केवढ्या जड बॅगा हो! आणि हे काय, मिक्सर? गरम कपडे… ही तसबीर? आई का तुमची? नाक अगदी तुमचंच आहे. जपून ठेवते हं, इथे बाकावर. — पण मघाशी तर म्हणालात, नवरा उद्या पहाटे कामासाठी घाट उतरून जाणारेत, म्हणून गाडी दाखवायला आणली. कामाला जाणारा माणूस सासूची तसबीर घेऊन जातो? मिक्सर घेऊन जातो?

बरं, राहू दे. नका सांगू. — पण एक विचारू? ज्या बाईच्या नवऱ्याचं स्वतःचं एवढं मोठं गॅरेज आहे, ती गाडी घेऊन गावाबाहेर माझ्याकडे कशाला येते? — मला कसं ठाऊक? थांबा, हा मास्क काढते. टोपीही काढते. हं. आता ओळखलंस? — बस. बस म्हणते ना. पळून कुठे जाशील, गाडी रॅम्पवर आहे आणि चावी माझ्या खिशात. घाबरू नकोस, सवती-सवतींसारख्या झिंज्या उपटायला मला वेळ नाही. केस तर कापूनच टाकलेत मी.

गाडी फाटकातून आत वळली ना, तेव्हाच ओळखली मी. मागच्या दारावरचा ओरखडा माझ्या हातचा आहे, माझ्या संसारातला. पण गॅरेज तर माझ्या अण्णांचं होतं गं! त्याला पाना कसा धरायचा ते अण्णांनी शिकवलं, जावई करून घेतलं, आणि अण्णांचं अंग लुळं पडल्यावर हा मालक झाला. तेही मी गिळलं. नवराच आहे, म्हटलं, कुठे परका आहे. नंतर तू आलीस, काचेच्या केबिनमध्ये बिलं करायला. तुझं-त्याचं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं? दिसत होतं. तेही एक वेळ सोडलं असतं मी — खरंच सांगते, सोडलं असतं. पण त्या टेलरची गाडी! ते नाही सुटत. माणूस बिचारा बायकोला आणायला निघालेला, याने त्याच्या गाडीचं हेच टोक बदललं, आणि फोनवर बोलत बोलत नट नुसता हाताने फिरवून ठेवला. नट अडकवून ठेवणारी पिनही घातली नाही. उतारावर नट गळून पडला, चाक गेलं एकीकडे, गाडी दुसरीकडे, सरळ भिंतीत. टेलरचा पाय गेला. शिवणयंत्र पायाने चालवणारा माणूस तो. आणि हा भर गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर काय म्हणाला? ‘बायकोने केलं होतं काम. तिचं डोकं ठिकाणावर नसतं हल्ली.’

मग सगळं कसं सोपं झालं ना त्याला! वेड्या बाईला घराबाहेर काढलं तर कोण विचारतंय? मी वीतभर खोलीत राहिले. ज्या गॅरेजमध्ये जाईन तिथे नाव सांगितलं की मालक हात जोडायचा — नको बाई, तुम्हीच ना त्या? शेवटी गावाबाहेर ही शेड भाड्याने घेतली आणि तोंड झाकून काम करायला लागले. बाजारात तो टेलर समोर आला, कुबडीवर, आणि लोकांदेखत मला नाही नाही ते बोलला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि रोज रात्री अंथरुणावर पडले की एकच मागणं मागायचे, याची गाडी एकदा माझ्या हाताखाली येऊ दे. एकदाच. आणि आज आली! आपल्या चाकांनी चालत आली, आणि वर तू म्हणतेस, उद्या पहाटे तोच घेऊन घाट उतरणार. म्हटलं, वा! उतर बाबा. पहिल्याच वळणावर नट —

काही नाही.

काही नाही म्हटलं ना! अशी बघू नकोस माझ्याकडे. — हो. हो, ठेवला ढिला. हाताने फिरवून ठेवला, त्याने ठेवला होता तसाच. पिन इथे आहे, बघ, माझ्या खिशात. तो चालवणार होता गं! तू पळून चालली आहेस हे मला कुठे ठाऊक? थांब, रडू नको. इकडे ये, वाक, डोळ्यांनी बघ. हा पाना लावला. हा आवळला. अजून आवळते. ही पिन, ही वाकवली. हात लाव, हलतोय? नाही ना? झालं तर. — दंडावर काय झालंय तुझ्या? बाही खाली कर. कळलं मला. माझ्या वेळी तो पट्टा घ्यायचा.

पण म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस. त्या दिवशी तू केबिनमध्ये बसली होतीस. त्याने काम केलं, मी त्या गाडीजवळ फिरकलेही नव्हते, हे तू बघितलंस. त्याने माझं नाव घेतलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं होतं — आठवतं? तू खाली बघून कागद सारखे करत बसलीस. चावी हवी ना? मग फोन काढ. टेलरचा नंबर देते. त्याला सांग कोणी केलं ते. आत्ता, माझ्यासमोर, स्पीकर लावून. — भीती? त्याची? तू तर निघालीस, तुला कसली भीती आता? लाव फोन.

…हं. नाव सांग आधी. …मोठ्याने. …‘मी पाहिलं’ म्हण. …कोणी? नाव घे त्याचं. …हं.

ऐकलंस? ऐकलंस काय म्हणाला? ‘मी त्या पोरीला भर बाजारात शिव्या दिल्या.’ पहिलं हेच बोलला. मग म्हणाला, दोन्ही भावांना घेऊन आत्ता निघतो गॅरेजवर. जा म्हणावं! जा, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचार म्हणावं त्याला! मी पण जाणार आहे. आधी तुझी गाडी सरळ करून देते, मग शटर ओढते आणि जाते. समोरच्या फुटपाथवर उभी राहीन. काही बोलणार नाही. मला फक्त त्याचं तोंड बघायचंय, मी समोर दिसल्यावर कसं होतं ते.

…झालं. चारही हिरवे. बॅगा ठेवल्या, तसबीर पुढच्या सीटवर ठेवली आहे, काच सांभाळ. ही घे चावी. — हात कसले जोडतेस? मी माफबिफ काही केलेलं नाही तुला. इथून पुढे माझ्या दारात येऊ नकोस. उजवीकडून बाहेर काढ, गावातून जाऊ नकोस. निघ.