त्रिकोण बोटाला लागतो

लेक: सावकाश, बाबा. घाईत पिन वाकते, असं तुम्हीच वर्गात पोरांना सांगता ना.

बाबा: चिडव हवं तेवढं. कॉम्प्युटरचं कॅबिनेट जुनं, मदरबोर्ड नवा, मग दिव्यांच्या तारा कुरकुरणारच. हा प्लग बघ. तीन भोकं, मधलं रिकामं. आणि बोर्डावर दोन्ही पिना शेजारी शेजारी.

लेक: मग?

बाबा: मग सुईनं ही प्लास्टिकची जीभ उचलायची, कडेची तार मागे ओढायची आणि मधल्या भोकात सरकवायची. टक्. ऐकलंस? आता उरलेलं टोक कापून टाकायचं.

लेक: प्लस कुठली, मायनस कुठली?

बाबा: प्लगवर बारीक त्रिकोण असतो. तो प्लस. उलटा लावला तरी दिवा खराब होत नाही, नुसता पेटत नाही. फिरवून लावायचा. पोरांना मी आधी मुद्दाम चुकू देतो.

लेक: त्रिकोण दिसला तुम्हाला?

बाबा: बोटाला लागतो की.

लेक: दिसला का, विचारलं.

बाबा: तू पहिल्यापासून अशीच. शब्दाला धरून बसायचं.

लेक: तुम्हीच बसवलंत. 'जे असायला हवं ते नाही, जे दिसतं तेच सांगायचं.' शंभर वेळा लिहून घेतलं होतंत. बोटं सुजली होती माझी.

बाबा: नऊ वर्षांची होतीस. न बघताच उत्तर ठोकून दिलं होतंस.

लेक: हो. न बघता.

बाबा: ...बोर्डावर कोपऱ्यातली एक पिन गाळलेली असते. तिथून मोजत यायचं. हा हिरव्याचा प्लग, मशीन चालू असल्याचा. हा लालचा, डिस्क वाचत असल्याचा. झालं. दाब बटण. शनिवारी पोरं बघतच राहतील.

लेक: थांबा, जरा तारा नीट करते... हं. दाबलं.

बाबा: पंखा फिरला.

लेक: या असे पुढे. तुम्ही विचारता तसंच विचारते हं. कुठला दिवा पेटलाय?

बाबा: हिरवा. एकसारखा.

लेक: आणि लाल?

बाबा: लुकलुकतोय.

लेक: शाबास. आता हात पुढे करा.

बाबा: हे काय?

लेक: दोन्ही दिव्यांचे प्लग. बटण दाबायच्या आधीच उपसले मी.

बाबा: मी लावले होते ते बरोबर होते?

लेक: अगदी बरोबर.

बाबा: मग झालं तर. हातांना येतंय अजून. शिकवायला डोळे कशाला...

लेक: पोरांनी खेळ मांडलाय तुमचा. प्लग उपसून न पेटलेला दिवा दाखवतात, 'सर, पेटला ना?' तुम्ही शाबास म्हणता. मग तोंड दाबून हसतात. दोन महिने चाललंय.

बाबा: पण येतात ना. एक शनिवार चुकवत नाहीत.

लेक: त्यासाठीच येतात. वर्गाची किल्ली द्या. दारावर वर्ग बंद झाल्याची चिठ्ठी लावते उद्या.

बाबा: तुला हे सांगितलं कुणी?

लेक: माझ्याच पोरीनं. चिमीनं.

बाबा: ती नसेल हसत. आजोबांना नाही हसायची ती.

लेक: खेळ तिनंच काढला, बाबा. पहिला प्लग तिनंच उपसला.

(टेबलावर किल्ली ठेवल्याचा आवाज.)

बाबा: कुठला? हिरव्याचा की लालचा?