हसरा फोटो पाठवा

आमच्या धंद्यात धमकीचा फोन येत नाही, हसरा फोटो मागणारा येतो. नाटकात मेलो तर पडदा पडल्यावर उठून चहा प्यायचो. सिनेमात मी मेलेला कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मालिकेत मात्र मेलं की भिंतीवर हार घातलेला फोटो, आणि काम बंद.

गेल्या आठवड्यात मालिकेच्या ऑफिसातून मेसेज आला, ‘काका, एक हसरा फोटो पाठवा.’ कामाचं सोडा, अकोल्यात आई रोज माझी मालिका बघते. पोराच्या फोटोला हार बघून तिचं काय व्हायचं?

तो भाग लागायच्या दिवशी फोन केला. ‘आई, आज टीव्ही नको लावू.’

‘काहून?’ म्हणाली आणि फोन ठेवला.

भाग संपला, तरी ती फोन उचलेना. शेवटी उचलला. मागे तडतड चाललेली.

‘थांब, टीव्हीतल्या तुया फोटोची दृष्ट काढून राहिली. मोहऱ्या टाकल्या गॅसवर.’

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निरोप आला, ‘काका, प्रेक्षक चिडलेत. तुमचा जुळा भाऊ आणतोय.’

आईला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ‘त्या लेखकाले सांगजो, घरात मिरच्याबी हायेत.’