सुर्ल्यातली कुलपं

"'कळा लागल्या की घरातली कुलपं उघडायची, गाठी सोडायच्या,' असं माझी सासू सांगायची."

"मांय, आपण म्हापशाच्या इस्पितळात आहोत."

"कुलपं सुर्ल्यालाच राहिली ना! मी उघडून येते."

"मला एकटीला टाकून?"

"तुझ्यासाठीच गो! तुझ्या घोवाच्या भरलेल्या ट्रकाचा फाळकासुद्धा बंदच आहे."

"तो उघडला तर सगळं खनिज अंगणात सांडेल!"

"सांडू दे. गोव्याचं घटकराज्य झालं म्हणून आता तुझ्या कळाही सरकार सोसणार आहे?"

"मांय, हात सोडू नका. पाया पडते."

समोरच्या बाकावर गौरवी बसली होती. सोमवारचा उपास म्हणून तिनं मघाशी सासूबाईंनी पुढं केलेलं बिस्किट परत केलं होतं, आणि आजारी जावेला भेटून ती आता परत निघणार होती. सासूबाई तिच्याकडे वळल्या.

"बाये, तू कुठली?"

"सुर्ल्याचीच. वरच्या वाड्यावरची."

"मग ही घराची चावी घे. देवळामागचं घर. बाकीच्या चाव्या देव्हाऱ्यात आहेत."

"मांय, ओळख ना पाळख!"

"उपासाची बाई आहे, चोरी उद्यावर टाकील. उघडशील गो सगळं?"

"उघडीन."

"फाळका?"

"तो आधी."

सासूबाई सुनेचा हात धरून खाली बसल्या. गौरवीनं चावी पदराला बांधायला घेतली, मग गाठ न मारताच ती मुठीत धरली आणि बस पकडायला निघाली.